रोग्याची जात कोणती?



काठेवाडातील एका खेड्यात एक अस्पृश्य शिक्षक होता. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांतच आजारी पडली. जुलाब सुरू झाले, श्वास घेणे कठीण झाले. शिक्षक डॉक्टरकडे धावला. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या वस्तीत पाऊल टाकणार नाही. गावच्या नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा डॉक्टर आला, पण रोग्याला वस्तीबाहेर आणले पाहिजे या अटीवर. ती ओली बाळंतीण वस्तीबाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने तो बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया ठरविला, औषध पाठवून दिले आणि पुढे पुन्हा येऊन पाहावयाचे नाकारले. ती बाई मरण पावली.

त्या शिक्षकाचे पत्र गांधीजींच्या 'यंग इंडिया'त 12 डिसेंबर 1929 रोजी छापले गेले. परमपूज्य बाबासाहेबांनी ते आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींच्या लेखनात मुद्दाम नमूद करून ठेवले. का नमूद केले, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? त्या डॉक्टरजवळ विद्या होती. त्याने ताप मोजला, रोगाला नाव दिले, औषधही दिले. जिला रोग झाला होता त्या बाईकडे मात्र त्याने पाहिले नाही. तिच्या छातीला त्याने कान लावला नाही, तिला काय होते आहे हे तिला विचारले नाही. रोग पाहिला आणि रोगी टाकला. माझ्या मते त्या बाईच्या मृत्यूचे कारण न्यूमोनियाइतकेच हेही आहे.

तुम्ही म्हणाल, वकीलसाहेब, ही गोष्ट जुनी झाली. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आज थर्मामीटर तिसऱ्याच्या हातातून येत नाही. खरे आहे. ज्यांनी तो कायदा घडविला त्यांचे आपल्यावर अपार ऋण आहे. पण थर्मामीटर थेट काखेत आला म्हणून डॉक्टरची दृष्टीही थेट माणसापर्यंत आली काय? या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून देत नाही. माझ्या कार्यालयात आलेल्या एका आईच्या तोंडून देतो.

ही बाई नागपूरकडची. नुकतीच दीक्षा घेतलेले कुटुंब. चौदा वर्षांच्या मुलाला सिकलसेलचा आजार. थंडीच्या एका रात्री त्याच्या हातापायांत आणि पाठीत कळा उठल्या. पोर गुरासारखे ओरडू लागले. बाईने त्याला एका रुग्णालयात नेले. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. केसपेपर काढताना कारकुनाने आडनाव विचारले, मग धर्म विचारला. बाई म्हणाली, बौद्ध. कारकुनाने लिहिले, हिंदू, आणि पुढे जुन्या जातीचे नाव. आत ड्युटीवरील तरुण डॉक्टर म्हणाला, "तुमच्या लोकांत हे असतंच." अंगाला सूज नाही, जखम नाही, ताप नाही; तेव्हा पोरगा नाटक करतो, त्याला सुईची चटक लागली आहे, असाही शेरा त्याने मारला. पोराने बाकावर सकाळपर्यंत कळा सोसल्या. सकाळी दुसरा डॉक्टर आला, त्याने सलाईन लावले, दुखणे थांबविणारे औषध दिले.

ती आई माझ्यासमोर बसून म्हणाली, "वकीलसाहेब, पोराचं दुखणं खरं हाय का खोटं, हे आडनाव सांगते का?"

वाचकहो, या एका प्रश्नात माझा सारा लेख आला. तरीही तो सविस्तर लिहितो, कारण अशी रात्र तुमच्यापैकी कोणाच्याही घरी येऊ शकते.

प्रथम त्या आजाराचे सत्य समजून घ्या. सिकलसेलमध्ये रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जेथे रक्त पोहोचत नाही तेथे असह्य कळा उठतात. थंडी, तापाचा संसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, यांमुळे त्या उठू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून डॉक्टरने रोग्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हाच येथे उपचाराचा आरंभ होय. आणि ज्याचा शब्द समाजाने पिढ्यान् पिढ्या खोटा धरला, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयास डॉक्टरच्या मनाची आधी मशागत झाली पाहिजे.

"तुमच्या लोकांत हे असतंच", या वाक्याचा समाचार घेतलाच पाहिजे. विदर्भात हा आजार आदिवासींत आढळतो, बौद्धांत आढळतो. कुणब्यांत आढळतो, तेल्यांतही आढळतो. ज्या प्रदेशांत हिवताप फार, त्या प्रदेशांत हा दोष टिकून राहिला, कारण आईबापांपैकी एकाकडूनच तो आला तर ते मूल हिवतापाच्या मारातून काही अंशी वाचते. म्हणजे याचे मूळ हिवतापाच्या डासांत आहे, कोणाच्या पापात नाही आणि रक्ताच्या हीनपणात तर नाहीच नाही. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजार होण्याचा संभव 25 टक्के असतो. जात जातीतच लग्न लावते, म्हणून दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातिअंतर्गत विवाह हाच जातीचा प्राण असल्याचे सिद्ध केले होते. तेव्हा डॉक्टरसाहेब, जातीने हा आजार जतन केला असे म्हणा. आमच्या लोकांनी केला असे म्हणू नका. आणि रोग शोधावयाचा तर रक्त तपासा. आडनाव तपासून रक्त कळत नाही.

आता दोन आक्षेपांना उत्तर देतो.

पहिला आक्षेप सज्जन डॉक्टरांचा. ते म्हणतात, आम्ही जात पाहत नाही, आम्हांला सर्व रोगी सारखे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण सर्वांना सारखे वागविणे आणि कोणाकडेच न पाहणे, यांत अंतर आहे. ज्या मजुराचा दिवसाचा रोज बुडतो त्याला "उद्या या" म्हणणे आणि ज्याची मोटार दाराशी उभी आहे त्याला "उद्या या" म्हणणे, हे दोन शब्द सारखेच आहेत. त्यांचे फळ सारखे आहे काय? जी बाई पंगतीत कायम शेवटी बसली, तिला "दूध, फळे, अंडी खा" असे कागदावर लिहून देणे हा उपचार झाला काय? घरात चूल किती वेळ पेटते, पाणी किती लांबून आणावे लागते, कामावरून सुटी मिळते की नाही, हे ज्याने विचारले नाही, त्याने रोग्याचे शरीर तपासले, माणूस तपासला नाही. रांग दारापर्यंत आहे, वेळ कोठून आणू, असे तो म्हणेल. "बाई, तुम्हांला स्वतःला काय वाटते, हे दुखणे कशाने आले?" एवढे विचारावयास अर्धे मिनिट लागते. त्या तरुण डॉक्टरला शेरा मारावयासही तेवढाच वेळ लागला होता.

दुसरा आक्षेप अधिक फसवा आहे. हल्ली वैद्यकाच्या शाळांतून असे शिकवितात की शुश्रूषा करताना रोग्याच्या संस्कृतीची जाण ठेवावी. चांगली गोष्ट आहे. जैन रोग्याला कांदा चालत नाही, मुसलमान रोग्याचे रोजे असतात, हे परिचारिकेने जाणावे. पण आपल्या देशात संस्कृती म्हटले की तिच्या पोटात जात दडून येते, हे विसरून चालणार नाही. उद्या एखादा उच्चवर्णीय रोगी म्हणाला, ही परिचारिका बौद्ध आहे, हिच्या हातचे पाणी मला नको, ही माझी संस्कृती. तर रुग्णालयाने ती सांभाळावी काय? मुळीच नाही! जेथे एकाची रूढी दुसऱ्याच्या माणुसकीवर पाय देते, तेथे ती संपली. त्या ठिकाणी अनुच्छेद 17 बोलेल, रूढी बोलणार नाही. आणि ज्या रुग्णालयात सत्यनारायण घालणे ही संस्कृती ठरते, पण खाटेशेजारी बाबासाहेबांची तसबीर ठेवली तर "येथे राजकारण नको" म्हणून ती उचलली जाते, त्या रुग्णालयाला कोणाच्या संस्कृतीची जाण आहे, हे उघड आहे.

मग योग्य कसोटी कोणती? ती आपल्यासारख्याच एका नागविलेल्या समाजाच्या लेकीने जगाला दिली. न्यूझीलंडमधील माओरी हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. गोऱ्यांच्या रुग्णालयांत त्यांची उपेक्षा होई. इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने म्हटले की, परिचारिकेने आमच्या चालीरीती पाठ केल्या म्हणजे काम झाले असे नाही. आपल्या हाती असलेल्या सत्तेचे आणि आपल्या मनातील पूर्वग्रहांचे भान तिने ठेवले पाहिजे. आणि शुश्रूषा सन्मानाची झाली की नाही, याचा निवाडा शुश्रूषा करणाऱ्याने करावयाचा नाही, ती घेणाऱ्याने करावयाचा. 1992 साली त्या देशाच्या परिचारिका मंडळाने हे तत्त्व परिचारिकांच्या शिक्षणात दाखल केले. विचार करा, न्यायाची खुर्ची खाटेवर पडलेल्या माणसाकडे आली! आम्ही तुमच्यावर दया केली, असे म्हणावयाची सोय त्यामुळे कोणाला उरली नाही. माझे म्हणणेही एवढेच आहे. रोग्याचा सन्मान ही कोणाच्या चांगुलपणाची देणगी नव्हे. तो हक्क आहे, आणि तो मिळाला की नाही हे रोगी सांगेल.

परंतु हे तत्त्व परदेशातून आणावयास नको होते. ते आपल्या घरात अडीच हजार वर्षांपासून पडून आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात लोळत पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह विहारातून फिरताना तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, मी इतर भिक्षूंच्या काही कामाचा नाही, म्हणून कोणी करीत नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. मग संघ बोलावून त्यांनी सांगितले की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रोग्याची सेवा करावी.

त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध सिद्ध करता यावे. पथ्य काय, अपथ्य काय, हे कळावे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीच्या चित्ताने त्याने सेवा करावी. मलमूत्राची, थुंकीची, वांतीची किळस धरू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या शब्दांनी रोग्याला धीर द्यावा. पाहा, यात विद्या आहे, हात आहेत, मन आहे आणि शब्द आहेत. 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी सांगितले की मरणाच्या दारी असलेल्याची वेदना शरीराची असते, मनाची असते, कुटुंबाची व पैशाची असते, आणि जगण्याच्या अर्थाचीही असते. चारांवर उपचार झाले तरच तो उपचार. हे वाचताना मला महावग्गातील ते पाच गुण आठवले.

आणि ज्यांना किळस करता आली नाही, ती माणसे कोण होती? अनेक गावांत बाळाची नाळ कापावयास अस्पृश्य मानलेल्या स्त्रीलाच बोलावीत. जन्माच्या वेळी तिचा हात चाले, बारशाच्या वेळी तिची सावली चालत नसे. आजही वॉर्डातील घाण काढणाऱ्या मावश्या आणि सफाई कामगार बहुतांशी कोणत्या वस्तीतून येतात, हे तुम्ही जाणता. ज्यांच्या हातांवर रुग्णालय स्वच्छ राहते, त्यांचेच पोर बाकावर तळमळत सकाळ पाहते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आता कायदा. मी वकील आहे, तेव्हा हे सांगणे माझे कर्तव्यच आहे. हे नीट वाचा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा.

अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक रुग्णालयात वा दवाखान्यात दाखल करून घेण्यास नकार देणे, किंवा दाखल केल्यावर भेदभाव करणे, हा 1955 च्या अधिनियमाच्या कलम 5 खाली गुन्हा आहे. त्या अधिनियमाला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. 1989 च्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमात 2015 साली दुरुस्ती झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीस रुग्णालयात, दवाखान्यात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास अडविणे हा त्यान्वये गुन्हा असून, सहा महिने ते पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. चारचौघांदेखत जातीवाचक शिवी देणे हाही गुन्हाच. "आम्ही बौद्ध झालो, आता हा कायदा आम्हांला कोठला", असे कित्येक नवदीक्षित म्हणतात. हा भ्रम टाका. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचे संरक्षण आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले की जखमी माणसाचा जीव वाचविणे हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. 1992 साली बंगालमधील एक शेतमजूर आगगाडीतून पडला. खाट नाही म्हणून त्याला एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरविण्यात आले. 1996 साली न्यायालयाने हा अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भंग ठरवून त्याला 25,000 रुपये भरपाई देवविली. 2008 च्या समीरा कोहली खटल्याने सांगितले की समजावून सांगून घेतलेल्या संमतीवाचून शस्त्रक्रिया करता येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने तर धर्म, संस्कृती व जात यांवरून उपचारात भेद करण्यास शब्दशः मनाई केली आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत 17 हक्क आहेत. महाराष्ट्रातही शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत 2021 साली रुग्णहक्कांची सनद घालण्यात आली. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखणे बंधनकारक आहे. आणि सिकलसेलचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात आहे, हे त्या आईलाही माहीत नव्हते.

मात्र कायद्याची मर्यादाही मी लपवीत नाही. "तुमच्या लोकांत हे असतंच", या वाक्यावर प्रत्येक वेळी कलम लागेलच असे नाही. त्या आईसाठी आम्ही लेखी तक्रार दिली. कागदावरचा धर्म दुरुस्त झाला. त्या रात्रीबद्दल कोणी क्षमा मागितली नाही. म्हणून सांगतो, अशा वेळी तारीख, वेळ, बोललेले शब्द आणि जवळ असलेल्यांची नावे तेथल्या तेथे लिहून ठेवा. केसपेपरच्या प्रती मागा. अर्ज केल्यापासून 72 तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध असे लिहून घ्या आणि लिहिले की नाही ते वाचून पाहा. आवाज चढवू नका, कोणावर हात टाकू नका. त्याने तुमची बाजू दुबळी होते.

शेवटी आपल्या घरात पाहू या. दुसऱ्याच्या घरावर बोट ठेवणाऱ्याने आपला उंबरठा झाडला पाहिजे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात 22 प्रतिज्ञा दिल्या गेल्या, त्या भिंतीवर टांगावयास दिल्या होत्या काय? भिंतीवर प्रतिज्ञा आणि पोराच्या दंडात गंडा, असे घर मी पाहिले आहे. साप चावला की मांत्रिक, फिट आली की भगत, पोराच्या कळा थांबेनात की अंगारा आणि उतारा! साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि तो आपल्या लोकांनी केला म्हणून पुण्य होत नाही. सिकलसेलच्या पोराला जन्म दिला म्हणून सुनेला "अवदसा" म्हणणारी सासू आणि बाकावर पोर ठेवणारा डॉक्टर, यांत मी फार भेद करीत नाही. दोष दोघांकडून येतो. बाप तपासणीला का जात नाही?

महावग्गात रोग्याचेही पाच गुण सांगितले आहेत. हितकर तेच त्याने करावे, मात्रा जाणावी, औषध घ्यावे, दुखणे जसे आहे तसे खरे सांगावे, आणि वेदना धीराने सोसावी. यांतील "खरे सांगावे" हा गुण आज सर्वांत अधिक हवा आहे. दारू पितो हे डॉक्टरपासून लपवू नका. झाडपाल्याचे घेतले असेल तर सांगा. लग्न ठरविताना पत्रिका जाळा आणि मुलामुलीचे रक्त तपासून घ्या. वाहक असणे हा आजार नव्हे, लाज तर नव्हेच. विहारात महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीतील आजाऱ्यांची यादी करावी. कोणाबरोबर रुग्णालयात कोण जाणार हे तेथेच ठरवावे. एकटी बाई कारकुनापुढे गप्प राहते. तिच्याबरोबर एक लिहिता-वाचता माणूस असला की कारकून विचारून लिहितो.

तुमच्यापैकी काहींची मुले आता डॉक्टर होत आहेत, परिचारिका होत आहेत. त्यांना माझे एकच सांगणे आहे. उद्या तुमच्यासमोर रोगी येईल. तो मांग असेल, ब्राह्मण असेल, मुसलमान असेल. कदाचित तुमच्या आजोबांना ज्याने पाण्यावरून हाकलले त्याचा नातूही असेल. थर्मामीटर आपल्या हाताने त्याच्या काखेत लावा. आणि पारा वर चढेपर्यंत त्याला विचारा, तुम्हांला काय होते आहे?

जयभीम! नमो बुद्धाय!